मूळ फाइल द्या

प्रति,
मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
मा. कुलगुरू, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती
मा. संचालक, उच्च शिक्षण, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई



मी कनेरगाव नाक्यावर डीटीपी आणि झेरॉक्सचे काम करते. आमचे गाव हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, अगदी जिल्ह्याच्या कडेचे. पैनगंगा ओलांडली की वाशीम जिल्हा. एकेकाळी अलीकडे निजामाचा मुलूख होता आणि पलीकडे वऱ्हाड. आज अलीकडे नांदेडचे विद्यापीठ आहे आणि पलीकडे अमरावतीचे. बारावी झालेली इथली काही मुले हिंगोलीला जातात, काही वाशीमला. एकाच आळीतली दोन मुले दोन विद्यापीठांची परीक्षा देतात. म्हणून हे पत्र दोन्ही कुलगुरूंना मिळून लिहिले आहे, आणि ज्यांच्या सहीने पैसा आणि आदेश खाली येतात त्या पुण्या-मुंबईच्या अधिकाऱ्यांनाही.

मागणी एकच आहे, ती आधी सांगते. महाविद्यालयात लावलेले पुस्तक, वर्गात वाटलेल्या नोट्स, परीक्षेआधी निघणारी प्रश्नपेढी, हे सगळे आज कुठल्या ना कुठल्या संगणकावर टाइप होऊनच कागदावर येते. ती टाइप केलेली मूळ फाइल, युनिकोड मराठीत, दिव्यांग विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे. आणि बाकीच्या वर्गाला पुस्तक मिळते त्याच दिवशी मिळाली पाहिजे. फुकट द्या असेही माझे म्हणणे नाही. पुस्तकाची छापील किंमत घ्या, पण फाइल द्या.

हे मी का लिहिते आहे ते सांगते. आमच्या भागातली एक मुलगी बी.ए.ला आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. तिचे नाव लिहीत नाही आणि तिच्या महाविद्यालयाचेही लिहीत नाही, कारण कोणत्याही गावाचे नाव घातले तरी पुढची हकिकत फारशी बदलणार नाही. तिच्याकडे साधा अँड्रॉइड मोबाइल आहे आणि त्यावर टॉकबॅक कायम चालू असते. बोट जिथे टेकेल ते फोन वाचून दाखवतो. व्हॉट्सॲपवरचा निरोप, बातम्या, बसचे वेळापत्रक, सगळे ती असेच ऐकते. आवाजाचा वेग तिने इतका वाढवून ठेवला आहे की शेजारी बसलेल्याला एक शब्द सुटा करता येत नाही. तिला मात्र स्वल्पविरामही कळतो. वाचायची भूक असलेली मुलगी आहे. वाचायला द्यायचे एवढेच आपल्या हातात होते.

मागच्या एका सत्रात वर्गाच्या ग्रुपवर राज्यशास्त्राच्या नोट्सची पीडीएफ आली. ती फाइल घेऊन ही मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, “ताई, उघडती, पण मराठी बोलंना. काहीतरी इंग्रजी बडबडतंय.” मी फोन कानाला लावला आणि एकेक अक्षर सावकाश ऐकले. एच, के, के, जे, आर. डीटीपीवाल्याला हे ऐकताक्षणी कळते. हा ‘भारत’ आहे. कृतिदेव फाँटमध्ये ‘भारत’ असाच टाइप होतो. पुढचा शब्द होता एल, ए, एफ, ओ, तिरकी रेघ, के, के, यू. म्हणजे ‘संविधान’. भारताच्या संविधानाचे प्रकरण तिच्या हातात होते आणि त्यातले एक अक्षर तिला मिळत नव्हते.

यात फोनचा दोष नाही, तिचा तर नाहीच. कृतिदेव काय, श्रीलिपी काय, आयएसएमचे जुने फाँट काय, यांच्यात संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. कृतिदेवमध्ये डी दाबला की क उमटतो, ई दाबली की म, के दाबला की काना. डोळ्यांना ‘काम’ दिसते, संगणकात डी-के-ई साठते. छापील कागदाचे याने काही बिघडत नाही, म्हणून इतकी वर्षे कुणाचे लक्ष गेले नाही. युनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठतो. त्यामुळे कोणताही फोन, कोणताही संगणक तो वाचू शकतो, शोधू शकतो, मोठा करून दाखवू शकतो, ब्रेलच्या यंत्राला देऊ शकतो. मोबाइलवर आपण सगळे जे मराठी लिहितो ते युनिकोडच असते. शासनाने आपल्या कार्यालयांना युनिकोड वापरा असे सांगूनही बरीच वर्षे झाली. पुस्तकांच्या आणि नोट्सच्या धंद्यात मात्र जुने फाँट तसेच राहिले.

ते का राहिले हेही मी धंद्यातली म्हणून सांगू शकते. पेजमेकर युनिकोड घेत नाही. ज्याचा हात पेजमेकरवर बसला आहे, ज्याच्याकडे मागच्या दहा आवृत्त्यांच्या फायली त्यात पडल्या आहेत, ज्याला जुन्या फाँटचे वळण देखणे वाटते, तो आपणहून बदलत नाही. त्याला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. पान दिसायला चांगले असावे एवढेच त्याला आजवर सांगितले गेले. ते पान कुणीतरी कानाने वाचणार आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही. सांगण्याचा अधिकार अभ्यासमंडळाचा, विद्यापीठाचा, म्हणजे आपला आहे.

त्या नोट्सचे पुढे काय झाले तेही ऐका. सरांकडे मूळ फाइल मागितली. सर भले होते, त्यांनी लगेच हो म्हटले. पण फाइल त्यांच्याजवळ नव्हती. ज्याने टाइप केली त्याच्याकडे होती, आणि त्याने जागा मोकळी करताना ती उडवली होती. शेवटी छापील पानावरून ते प्रकरण माझ्या दुकानात पुन्हा टाइप झाले. एकदा टाइप झालेले, पैसे मोजून झालेले काम दुसऱ्यांदा झाले, आणि ते तिच्या हाती पडेपर्यंत वर्ग पुढच्या प्रकरणावर गेला होता. मूळ फाइल असती तर रूपांतराला फार वेळ लागला नसता. जुन्या फाँटचे युनिकोड करणारी साधने फुकट मिळतात. त्यात पहिली वेलांटी मागे-पुढे होते, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, काही जोडाक्षरे फुटतात. ती नजरेखालून घालावी लागतात. सरावलेला माणूस एक प्रकरण एका बैठकीत तपासून देतो. एवढ्या कामासाठी एका विद्यार्थिनीचे सत्र वाया जावे?

जुना फाँट हा निदान सुटणारा गुंता आहे. त्याहून वाईट म्हणजे हाताने लिहिलेल्या वहीचे फोटो काढून केलेली पीडीएफ. तिथे फोन ‘प्रतिमा’ एवढा एकच शब्द उच्चारतो आणि गप्प होतो. फोटोवरून अक्षर ओळखायची सोय आता मराठीतही आली आहे आणि स्वच्छ छापील पानावर ती चांगली चालते. पण झेरॉक्सची झेरॉक्स असेल, दोन रकाने असतील, मध्ये कोष्टक असेल, ग्रंथालयाचा शिक्का नेमका ओळीवर बसला असेल, तर ‘घटना’चे ‘घटका’ होते आणि सालातला एखादा आकडा गळतो. ज्याने मूळ पान पाहिलेलेच नाही त्याने ही चूक पकडायची कशी? 1950चे 1960 झाले तर ती 1960च पाठ करणार आणि पेपरात तेच सांगणार.

मग उरते काय? कुणीतरी वाचून दाखवणे. आई शेतात जाते, बहीण स्वतः बारावीला आहे. ती आपला अभ्यास उरकून रात्री मोबाइलवर रेकॉर्ड करून देते. पंखा, कुत्रे, रस्त्यावरचे ट्रक सगळे त्यात येते. रेकॉर्डिंगमध्ये एखादी व्याख्या पुन्हा हवी असेल तर ती कुठे आहे ते शोधता येत नाही. पुढे-मागे ओढत बसावे लागते. आणि नुसते ऐकून शुद्धलेखन येत नाही. फाइल असेल तर फोनवर बोट सरकवत ती शब्द अक्षरा-अक्षराने वाचू शकते, ऱ्हस्व की दीर्घ ते पाहू शकते. उद्या स्पर्धा परीक्षेचा किंवा नोकरीचा अर्ज तिने स्वतः टाइप करायचा असेल तर हे ज्ञान तिला कुठून मिळणार?

पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडाने अंध विद्वान पाहिलेला नाही असे नाही. गुलाबराव महाराजांची दृष्टी वयाच्या पहिल्याच वर्षी गेली. 1881 ते 1915 एवढेच त्यांचे आयुष्य, आणि ग्रंथ शंभराहून अधिक. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. पण त्यांना वाचून दाखवणारी आणि त्यांचे बोल उतरवून घेणारी माणसे त्यांच्याभोवती होती. बुद्धीला असा वाचक लाभला तर काय होऊ शकते याची ती साक्ष आहे. आता वाचक म्हणून माणूसच हवा असेही राहिले नाही, खिशातला फोन ते काम करतो. पदरी शिष्य नसलेल्या, खेड्यातल्या गरीब मुलीलाही आज वाचक परवडतो. त्या वाचकापुढे आपण वाचण्याजोगे पान ठेवत नाही, अडले आहे ते एवढ्यावरच.

जिथे असे पान ठेवले तिथे काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 पासून दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र चालते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील त्याच महाविद्यालयातून राज्यशास्त्र शिकल्या, पुढे दिल्लीला गेल्या. स्कॅन केलेली पुस्तके संगणकाकडून वाचून घेत त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली, 2016 च्या परीक्षेत देशात 124 व्या आल्या आणि सनदी सेवेत गेल्या. त्यांचा कस आणि जिद्द मोठीच. पण इंग्रजी पुस्तक स्कॅन केले की संगणक ते जवळजवळ बिनचूक वाचतो, ही वाट त्यांना मोकळी होती. मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्या आमच्या मुलीला जिद्द कमी नाही. तिच्या वाटेत फाँट आडवा पडला आहे.

मराठीत अंधांसाठी वाचन उभे करता येत नाही असेही नाही. स्वागत थोरात यांनी 2008 साली ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक मराठीत सुरू केले. एका माणसाच्या ध्यासाने जे झाले ते विद्यापीठांच्या यंत्रणेला जड जाऊ नये. विंडोजवर चालणारे एनव्हीडीए हे वाचक सॉफ्टवेअर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केले. ते पूर्ण मोफत आहे आणि मराठी वाचते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या एका संगणकावर ते घालायला एक पैसा लागत नाही.

कायद्याबद्दल मी वकिलासारखे बोलू शकणार नाही, पण जेवढे स्वच्छ लिहिले आहे तेवढे कोणालाही वाचता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या 17 व्या कलमात लक्षणीय म्हणजे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तके, इतर शैक्षणिक साहित्य आणि साधने मोफत द्यावीत असे आहे, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. अठरा पूर्ण झाली की ही तरतूद थांबते आणि नेमके तिथेच महाविद्यालय सुरू होते. शाळेत बालभारती ही एकच संस्था पुस्तके काढते, त्यामुळे मागायचे कुणाकडे हे तरी ठाऊक असते. महाविद्यालयात पुस्तके पुण्याची, नागपूरची, छत्रपती संभाजीनगरची, लातूरची, आणि गाइडे तर कुठकुठली. कोणत्या दारावर जायचे?

पण त्याच कायद्याचे 16 वे कलम वयाची अट घालत नाही. शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय केली पाहिजे, अंध आणि बहिऱ्या विद्यार्थ्यांना त्यांना योग्य अशा माध्यमातून शिकवले पाहिजे, असे ते सांगते. 42 वे कलम छापील, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात असावा म्हणते. 32 वे कलम उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखून ठेवते, आणि 15 डिसेंबर 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करायला बजावले आहे. जागा राखली, मुलगी आली, बाकावर बसली, आणि पुस्तक? एसटीत तिला 75 टक्के सवलत आहे, सोबतच्या माणसाला 50 टक्के. वर्गाच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था राज्याने केली, त्याबद्दल खरोखर आभार. परीक्षेतही केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिला लेखनिक मिळतो आणि ताशी किमान 20 मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास अधिक. दार आणि परीक्षा यांच्या मध्ये जे सबंध वर्ष असते ते कोणाच्याच जबाबदारीत नाही. वर्षभर पुस्तक मिळाले नाही तर शेवटच्या दिवशीच्या जादा तासात तिने लेखनिकाला सांगायचे काय?

2020-21 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरात 4 कोटी 14 लाख विद्यार्थी नोंदले गेले. त्यांत दिव्यांग 79,035. हजारात दोनसुद्धा भरत नाहीत. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येत दिव्यांग हजारी बावीस होते, एकट्या महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांवर. ही सगळी माणसे महाविद्यालयाच्या वयाची नव्हेत, हे मान्य. तरी एवढी तफावत नुसत्या वयाने येत नाही. “आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत,” हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकते. वाचायला काही नसलेल्या ठिकाणी कोण कशाला येईल?

प्रकाशक म्हणतील, फाइल दिली की ती पसरेल आणि आमचे पुस्तक खपणार नाही. ही भीती समजण्यासारखी आहे, तिचे उत्तर कायद्यातच आहे. 2012 मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून एखादे पुस्तक सुगम स्वरूपात आणणे, नफा न घेता ते तिला देणे, यासाठी लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. जगात याच कामासाठी 2013 साली मराकेश करार झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, जून 2014 मध्ये. तेव्हा फाइल मागणे हा उपकार मागणे नव्हे. ती मिळाली नाही तरी पुस्तकाचे रूपांतर करण्याचा हक्क आहेच, फक्त ते काम दुप्पट-तिप्पट वाढते. आणि पुस्तक पसरायचे असेल तर ते मोबाइलच्या फोटोंनी आणि झेरॉक्सने आजही पसरते. डोळस मुलांचे त्यात कधी अडलेले नाही. विद्यापीठाने फाइल स्वतःजवळ ठेवावी, युडीआयडी कार्ड पाहून नोंद करून द्यावी, प्रत्येक प्रतीवर विद्यार्थ्याचा क्रमांक घालावा. प्रकाशकाचे नुकसान होणार नाही.

मी जे मागते आहे ते आपल्याच कागदांवर आधीपासून आहे, हेही आपल्या लक्षात आणून देते. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये जो अहवाल भरत आली आहेत, त्याच्या सातव्या निकषात दिव्यांगांसाठीच्या सोयींची विचारणा आहे. त्यात उतार आणि लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, वाचक आणि लेखनिक आहे, आणि वाचनसाहित्याच्या सॉफ्ट कॉपी हे शब्दही आहेत. हे अहवाल टाइप करायला आमच्यासारख्यांकडे येतात. उताराचा फोटो जोडला जातो. सॉफ्ट कॉपीचा फोटो कसा निघणार? म्हणून यापुढे तपासणीला येणाऱ्या समितीने एकच करावे: ग्रंथालयात एखाद्या दिव्यांग विद्यार्थ्याला बसवून त्याच्या चालू सत्राचे कोणतेही पुस्तक उघडायला सांगावे.

आतापर्यंत मी अंध मुलीविषयीच बोलले, कारण ती माझ्यासमोर बसली होती. ही फाइल तिच्या एकटीची नाही. ज्याला थोडेफार दिसते तो तिची अक्षरे हवी तेवढी मोठी करील. ज्याची बोटे पान उलटायला साथ देत नाहीत तो ती एका स्पर्शाने पुढे नेईल. ज्याची वाचताना अक्षरांची गल्लत होते, ज्याला आपण वर्षानुवर्षे ढ म्हणून मागच्या बाकावर बसवले, तो ओळ पाहत पाहत ऐकू शकेल. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे जे 21 प्रकार मानले त्यांत अध्ययन अक्षमताही आहे. बहिऱ्या मुलाचे तर बोलायलाच नको. सर फळ्याकडे तोंड करून मजकूर सांगतात तेव्हा तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावून उतरवून घेतो. शेजारी चुकला की तोही चुकतो. तासाच्या आदल्या दिवशी टाइप केलेल्या नोट्स त्याच्या हाती आल्या तर तो निदान काय चालले आहे ते जाणून वर्गात बसेल. भूगोलाचे नकाशे आणि अर्थशास्त्राच्या आकृत्या मात्र फाइल देऊनही बोलत नाहीत. तिथे प्राध्यापकांनी दोन-तीन वाक्ये लिहावी लागतील: आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, रेषा कुठून कुठे जाते. हे काम विषय जाणणाराच करू शकतो, डीटीपीवाला नाही.

करायचे कसे, याबद्दल माझ्या कामाच्या अनुभवावरून थोडे सुचवते. सुरुवात अभ्यासमंडळांपासून व्हावी. पुस्तक संदर्भयादीत घालण्याआधी प्रकाशकाने युनिकोड फाइल विद्यापीठात जमा केली पाहिजे अशी अट घाला. यादीत नाव यावे म्हणून प्रकाशक काय काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे. ही अट ते एका सत्रात पाळू लागतील. फाइल वर्डमध्ये किंवा ईपबमध्ये घ्या, कारण मराठी पीडीएफ युनिकोडची असली तरी पुष्कळदा काना-मात्रा सांडते. वेळही आत्ताचीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम बदलत आले आहेत आणि वर्षामागून वर्ष पुढच्या वर्गांची पुस्तके नव्याने लिहिली जात आहेत. ती जुन्या फाँटात छापून झाली की पुढचा अभ्यासक्रम येईपर्यंत आपण पुन्हा अडकलो.

जुन्या पुस्तकांसाठी मनुष्यबळ आपल्या आवारातच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास काम करायचे असते. त्यातले काही तास रूपांतरित पाने मुद्रिताशी ताडून पाहायला द्या. कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांना बागेत पाणी घालण्याच्या जोडीला हे काम पानाच्या दराने द्या. त्यांचाही विषय पक्का होईल. अवघड काम बाहेर द्यावे लागेल, त्याचा खर्च दिव्यांग कल्याण विभागाने उचलावा. 2022 च्या जागतिक दिव्यांग दिनी या राज्याने स्वतंत्र विभाग जाहीर केला तेव्हा आमच्यासारख्यांना खरोखर आनंद झाला होता. उतार बांधायला निविदा निघते, पुस्तक वाचनीय करायलाही निघू द्या.

एकदा झालेले काम दुसऱ्यांदा होऊ नये यासाठी नांदेड आणि अमरावतीने मिळून एकच साठा करावा, आणि उच्च शिक्षण संचालकांनी तो राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांना खुला करावा. भारतीय राज्यघटना पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच आहे. केंद्राने 24 ऑगस्ट 2016 रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले आहे. आपल्या फायली तिथेही चढवा म्हणजे कोल्हापूरच्या किंवा परदेशातल्या मराठी मुलालाही त्या मिळतील. आपण चढवल्याशिवाय आपल्या बी.ए.च्या द्वितीय वर्षाचे पुस्तक तिथे आपोआप येणार नाही.

प्राध्यापकांना माझी हात जोडून एक विनंती आहे. आपल्या नोट्स कुठेही टाइप करून घ्या, पण पैसे देताना मूळ फाइल मागून घ्या आणि युनिकोडमध्येच मागा. दुकानदार नाही म्हणणार नाही. तो मागाल ते देतो. मागणारा भेटला नाही म्हणून दिले नाही.

आणि प्रत्येक महाविद्यालयात यासाठी एक माणूस नेमा, ज्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक प्रवेश अर्जाच्या पहिल्या पानावर छापलेला असेल. समिती नको. समितीला फोन लागत नाही.

माननीय कुलगुरू महोदय, येत्या जूनमध्ये नवे प्रवेश सुरू होतील. त्याआधी दोन्ही विद्यापीठांनी एका पानाचे परिपत्रक काढावे: पुढील सत्रापासून युनिकोड फाइल जमा केल्याशिवाय कोणतेही मराठी पुस्तक संदर्भयादीत घेतले जाणार नाही, आणि वर्गाला पुस्तक मिळते त्याच दिवशी, आणि नंतर मागितली तर आठ दिवसांत, ती फाइल दिव्यांग विद्यार्थ्याला देणे ही प्राचार्यांची जबाबदारी राहील. परिपत्रकाचा मसुदा टाइप करून हवा असेल तर मी करून देईन, युनिकोडमध्ये, आणि त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
डीटीपी आणि झेरॉक्स केंद्राची चालक
कनेरगाव नाका, ता. जि. हिंगोली